मारबतीत घेतलेलं नाव

पिपरी मेघेच्या आमच्या कॉलनीत एकही बैल नाही. गोठे होते तिथं आता गाड्या उभ्या राहतात. तरी पोळा जवळ आला की फाटकाशी कुणीतरी पळसाच्या डहाळ्यांचा भारा आणून टाकतं. कोण आणतं, कुठून आणतं, कुणी विचारत नाही. येता-जाता ज्यानं त्यानं एक उचलावी आणि दाराशी खोचावी. आमच्याकडे याला मेढा म्हणतात. यंदा आमचा मेढा बायकोनं आणला. मी जिना उतरत होतो, ती चढत होती, आणि तिच्या हातातली ती डहाळी पाहून मी भिंतीला लागून बाजूला झालो. जिना चांगला रुंद आहे. दोन माणसं आणि एक डहाळी त्यात सहज मावतात.

पळसाच्या पानाला वास नसतो असं लोक म्हणतात. असतो. नुकत्या तोडलेल्या देठाला तुरट, ओल्या लाकडासारखा, थोडा औषधी वास असतो. वासांच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. बाकी बाबतीत ठेवा असं मी म्हणत नाही. आयुष्यातली बरीच वर्षं मी माझ्या अंगावरचा एक वास लपवण्यात आणि दुसऱ्यांच्या अंगावर तोच वास शोधण्यात घालवली आहेत.

मेढा रात्रभर दाराशी उभा असतो. घरात जे वाईट असेल, ताप, खरूज, ढेकूण, भांडण, ते सगळं तो ओढून घेतो असं मानायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, उजाडलं की गावातल्या पोरांच्या झुंडी घरोघरचे मेढे गोळा करतात आणि गावची रोगराई वाहून नेणाऱ्या मारबतीच्या नावानं ओरडत शिवेकडे निघतात. खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत. ढेकनं-माश्या घेऊन जाय गे मारबत. शिवेवर सगळं टाकायचं, पेटवायचं आणि परतताना मागं पाहायचं नाही. मागं पाहिलं तर सोडून आलेलं पाठीवर बसून घरी येतं. मी गावात वाढलो, त्यामुळे हे ओरडणं माझ्या घशात लहानपणापासून आहे. पोटातून जोर लावावा लागत नाही. तोंड उघडलं की ते आपोआप बाहेर पडतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

पोळ्याचे दिवस आमच्या भागात विचित्र असतात. पाऊस दमलेला असतो, पण गेलेला नसतो. पऱ्हाटीला पात्या-फुलं धरलेली असतात, निंदण झालेलं असतं, बोंडं फुटायला अवकाश असतो. हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर पडून राहते. शेतात फारसं काम नाही, कॉलेजात फारसं कुणी शिकवत नाही. सिंदीच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलांना रंग चढत असतो, लहानांचे दिवस मजेत जातात. म्हाताऱ्यांना बैल आहेत. मधल्यांना काही नाही. मग ही मधली, विशीतली पोरं पानठेल्यावर उभी राहतात. आमच्या मोहिमेला हाच मोसम योग्य वाटला तो यामुळेच.

मी तेव्हा तरुण पोरांची सिगारेट कमी करण्याच्या कामात होतो. संस्थेचं नाव घेत नाही. संस्थेनं काही वाईट केलं नाही. जे केलं ते मी केलं. आमचे साहेब हुशार होते. काळ्या फुप्फुसाची चित्रं दाखवून पोरं ऐकत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते आम्हाला दुकानदाराची भाषा शिकवत. साबण विकणारा साबणाचे गुण सांगत बसतो का? तो घेणाऱ्याची हौस ओळखतो. तुम्हाला न ओढणं विकायचं आहे, तर आधी गिऱ्हाईक ओळखा. सगळ्यांना एकच गोष्ट सांगू नका. हा पोरगा का ओढतो, कुणाबरोबर ओढतो, ओढताना त्याला काय मिळतं, ते शोधा आणि त्याची गोष्ट त्याच्याच भाषेत त्याच्यासमोर ठेवा.

हे सगळं बरोबर आहे असं मला आजही वाटतं, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. माणूस कशानं हलतो हे ज्याला कळलं, त्याच्याकडे जरा संशयानंच पाहावं.

लोक पाहतही होते. मी वही न घेता हिंडायचो, पण पायातल्या बुटांनीच माझा घात व्हायचा. अर्धी पोरं मला साध्या कपड्यातला पोलीस समजत, उरलेली कुणाच्या तरी लग्नाची चौकशी करायला आलेला पाहुणा. सिगारेट ओढतोस का, असं विचारलं की प्रत्येक जण नाही म्हणे आणि शेजारच्याकडे पाही. मला मिळालेली उत्तरं खरी मानायची तर वर्धा जिल्ह्यात कुणीच ओढत नव्हतं, फक्त धूर तेवढा निघत होता.

आंजीच्या पुढच्या एका गावात तर पानठेलेवाल्यानं मला पाहताच पाकिटं बरणीमागं सरकवली आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायला घेतला. आमच्या इथं कोनी फुकत नाई, साहेब, तो म्हणाला. त्याच्या डोक्यावर सुतळीचा तुकडा धुमसत लटकत होता. हा कशाला, मी विचारलं. डासासाठी, तो म्हणाला. दोघांनीही तोंड सरळ ठेवलं.

त्याच दिवशी परत येताना मी गाडी एका बाभळीआड लावली आणि माझी सिगारेट पेटवली. हो, मी ओढत होतो. मोहिमेच्या आधीपासून, मोहीम चालू असताना, आणि नंतरही काही काळ. खिशात बडीशेप असायची, डिकीत दुसरा शर्ट असायचा. बायको दारातच शर्टाला नाक लावायची आणि काही बोलायची नाही. तिचं न बोलणं मला सोयीचं होतं. बाहेर मी पोरांना विचारत होतो की घरच्यांपासून कसं लपवता रे, आणि त्यांच्या युक्त्यांपैकी एखादी चांगली वाटली तर वापरतही होतो.

बाभळीपाशी एक मोटारसायकल थांबली. दोन पोरं होती. मी हात पाठीमागं नेला.

“शर्ट जळन ना सर,” पुढं बसलेला म्हणाला. “समोर घ्या.”

तो स्वप्निल. मागं बसलेला गजानन, त्याच गावचा. स्वप्निल वर्ध्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. गजाननानं शिक्षण सोडलं होतं. त्याच्या घरी बैलजोडी होती, आणि सारा गाव ट्रॅक्टरच्या मागं लागला तरी तो बैल सोडायला तयार नव्हता. लहानपणापासून दोघं एका ताटात जेवलेले. गजानन ओढत नसे. स्वप्निल ओढायचा आणि गजानन वाऱ्याची दिशा पाहून बाजूला उभा राहायचा. त्या दिवशी स्वप्निलनं माझ्या सिगारेटीवर आपली पेटवली, एक झुरका घेतला आणि म्हणाला, “तुमचं-आमचं सेम आहे. आमी कोनाले सांगत नाई.”

त्यानं कुणालाही सांगितलं नाही. पुढं सगळं होऊन गेल्यावर, सांगण्याचा त्याला पुरता हक्क आला तेव्हाही नाही. माझी नोकरी एका वाक्यात गेली असती. तो ते वाक्य आजपर्यंत खिशात घेऊन फिरतो आहे.

त्या मोसमात बाभळीखालची आमची बैठक ठरून गेली. मी गावात जायचो ते कामासाठी, बाभळीखाली थांबायचो ते माझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगायचो. पण आता संशय येतो. तिथंही माझं गिऱ्हाईक ओळखणं चालूच असावं. समोरच्यानं धूर सोडला की तो काहीतरी बोलतो, हे मला कळलं होतं. मी फक्त गप्प बसायचो. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक भला समजतात. मला हे आयुष्यभर फळलं आहे.

एका संध्याकाळी मी स्वप्निलला विचारलं, पहिली कधी ओढलीस रे? मला वाटलं होतं, कॉलेजच्या गेटसमोरची चहाची टपरी, शहरातली पोरं, खर्रा म्हणजे खेड्यातलं आणि सिगारेट म्हणजे शहरातलं, असलं काहीतरी सांगेल. त्यानं दवाखाना सांगितला. त्याची आई तिथं बरेच दिवस होती. आतली हवा, सलाइनच्या बाटल्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं कण्हणं त्याला सोसेना. तो फाटकाबाहेर येऊन उभा राही. पण नुसतं उभं राहता येत नाही. वॉचमन हटकतो, ओळखीचा कुणी भेटला की विचारतो, अरे, इथं काऊन उभा आहेस, माय कशी आहे?

“सिगारेट हातात असली का कोनी काई विचारत नाई,” तो म्हणाला. “लोकाइले वाटते, फुकून राह्यला, जाईन आत.”

सिगारेट म्हणजे उभं राहण्याचा परवाना. इतक्या वर्षांच्या कामात याहून खरी गोष्ट मी ऐकलेली नाही. माणसाला थोडा वेळ एकटं, काही न करता, कुणाला उत्तर न देता उभं राहायचं असतं, आणि आपल्याकडे त्याला तशी सोय नाही. मी माझ्याकडे पाहिलं. मी बाभळीआड दुसरं काय करत होतो?

मग त्यानं पुढचं सांगितलं. आई गेली तेव्हा तो बाहेरच होता. हातात सिगारेट होती, ती संपेपर्यंत थांबला, मग आत गेला. बाप खाटेशी बसला होता. बापाला आजही वाटतं की पोरगा औषध आणायला गेला होता. हे फक्त गजाननाला माहीत होतं. आता मला.

गजानन तिथंच उभा होता, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. त्यानं स्वप्निलच्या हातातली सिगारेट काढून घेतली, पायाखाली चिरडली, आणि गाडीची किल्ली फिरवली.

मी घरी आलो तेव्हा माझ्या डोक्यात एक ओळ तयार होती.

त्या वर्षी आम्ही मोहिमेसाठी बडग्या करायचं ठरवलं होतं. बडग्या म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीतला पुरुषाचा पुतळा, गवत, चिंध्या आणि कागद यांचा. वर्षभर ज्यानं लोकांना छळलं त्याची पाटी त्याच्या गळ्यात अडकवतात. नागपुरात पुढाऱ्यांचे बडगे निघतात. त्यांना त्यापायी गाव सोडावं लागत नाही. आमचा बडग्या सिगारेट ओढणाऱ्याचा होता. कल्पना माझी होती आणि साहेबांनी ती उचलून धरली. गावाच्या परंपरेतून, गावाच्या तोंडानं, तरुणांच्या हातून. याहून चांगलं काय असणार?

स्वप्निलच्या गावच्या समाजमंदिरात बडग्या उभा राहिला. बांबूचा सांगाडा गजाननानं बांधला, त्याचा हात तयार होता. कागदाची हातभर सिगारेट, टोकाला लाल पतंगी कागद. स्वप्निल त्या दिवसांत परीक्षेच्या फॉर्मसाठी वर्ध्यात होता. पोळ्याच्या संध्याकाळी येतो म्हणाला होता. पाटी मी घरी रंगवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. गळ्यात अडकवली ती झाकूनच. सकाळी उघडू, म्हटलं, तेव्हाच मजा.

पाटीवर लिहिलं होतं: माय आत मरते, पोट्टा बाहेर फुकते.

मी नाव लिहिलं नव्हतं. मी पुष्कळ दिवस याच वाक्यावर झोपत आलो, की मी नाव लिहिलं नव्हतं. खरं असं आहे की ती ओळ सुचली तेव्हा मला आनंद झाला होता. यमक जुळलं होतं, बोली अस्सल होती, काळजाला हात घालत होती. साहेबांनी शिकवलं तसं सगळं तिच्यात होतं. फक्त ती माझी नव्हती. एखादी चांगली ओळ सुचली आणि अंगावर काटा आला, की आता मी आधी पाहतो, हा काटा कुणाच्या अंगाचा आहे.

सकाळी वर्तमानपत्र काढलं. पोरांनी वाचलं, हसली, ओरडली. बडग्या खांद्यावर उठला. पुढच्या बांबूला गजानन होता. त्याच्या पाठीमागं, वर, पाटी होती. त्याला ती दिसत नव्हती. ताशा वाजत होता. दारोदारचे मेढे गोळा होत होते. खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत. बिडी-सिगारेट घेऊन जाय गे मारबत. स्वप्निल मधेच कुठून तरी गर्दीत शिरला होता, कपाळाला गुलाल, दोन्ही हात वर. तो नाचत बडग्यासमोर आला आणि त्यानं पाटी वाचली.

त्याचे हात खाली यायला वेळ लागला.

खेड्यात एवढं पुरतं. त्या गावात आई दवाखान्यात गेली आणि पोरगा ओढतो, असं घर एकच होतं. कुणीतरी त्याच्याकडे पाहिलं, मग दुसऱ्यानं. कुणीतरी गमतीत ओरडलं, “स्वप्न्याले घेऊन जाय गे मारबत!” पुन्हा एकदा. मग सगळेच. द्वेष नव्हता त्यात, हे मी शपथेवर सांगेन. ती लय होती. त्या लयीत जो शब्द टाकाल तो दळून निघतो.

माझंही तोंड उघडलं. वर मी सांगून ठेवलं आहे की ते माझ्या घशात लहानपणापासून आहे. पण हे कारण नव्हे. सगळे ओरडत असताना मी गप्प राहिलो असतो तर लोकांनी माझ्याकडे पाहिलं असतं. मी स्वप्निलचं नाव घेतलं. घेऊन जाय म्हटलं.

त्याचा बाप दारात मेढा घेऊन उभा होता, पोरांच्या हाती द्यायला. मिरवणूक त्याच्यासमोरून गेली. त्यानं पाटी वाचली, पोराकडे पाहिलं. मग मेढा घेऊन तो परत घरात गेला आणि दार लावून घेतलं. रात्रभर घरातलं वाईट ओढून घेतलेली ती डहाळी परत आत गेली, एवढंच मला दिसलं. पुढं त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

शिवेवर बडग्या पेटला. लोक मागं न पाहता परतले. स्वप्निल मला बाभळीपाशी भेटला. तो मला शोधत आला नव्हता, तिथं उभा राहायला आला होता, आणि त्याच्या हातात सिगारेट नव्हती. त्यानं एकच प्रश्न विचारला.

“सर, हे पाटीवर लिवाले गज्यानं सांगतलं ना तुमाले?”

मी त्याला म्हटलं नाही की अरे, तू स्वतः मला इथंच सांगितलंस, लिहिलं ते मी. पण त्याचंही बरोबर होतं. आपण ज्याच्यासमोर मन मोकळं केलं तो आपल्याला विकेल, असं माणसाच्या मनात येत नाही. त्याला वाटलं, सरांना एवढंच सांगितलं होतं, गावासमोर मांडायची बुद्धी दुसऱ्या कुणाची. बांबूला खांदा गजाननाचा होता. पाटी त्याच्या डोक्यावर होती. संशयाला बसायला जागा लागते, आणि ती तयार होती.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी म्हटलं, “जाऊ दे आता.”

मराठीत याच्याइतके सोयीचे शब्द नाहीत. त्यानं मान हलवली आणि तो गेला. काही दिवसांनी बुटीबोरीला कंपनीत लागला. गावी येतो तो बापाला भेटायला. पोळ्याला येत नाही. गजाननाशी बोलत नाही. गजानन पहिल्या वर्षी बुटीबोरीला जाऊन आला, स्वप्निल खोलीतून बाहेर आला नाही. मग गजाननानंही सोडून दिलं. तो मानी आहे. न केलेल्या गोष्टीचा खुलासा दोनदा करत नाही.

आमच्या मोहिमेचं कौतुक झालं. बडग्याचा फोटो भिंतीवर लागला, दुसऱ्या जिल्ह्यातले लोक पाहायला आले, लोकपरंपरेचा किती छान वापर, म्हणाले. त्या गावात पोरांनी ओढणं कमी केलं का? काहींनी केलं असेल. पानठेल्यावरची गर्दी घटली हे मी पाहिलं. पण सिगारेट सुटली म्हणून घटली, की आता पोरं आपापल्या बाभळीआड एकेकटी उभी राहू लागली, हे मला सांगता येत नाही. ज्या पोरांना मी विचारायचो ती त्यानंतर माझ्यासमोर फक्त चांगलंच बोलायची. माझी मात्र सुटली. कुठल्याही घोषणेनं नाही. बाभळीखाली उभं राहिलं की हातातली जळत जाई आणि ओढावीशी वाटेना. सुटली असं मी म्हणतो खरं, पण बायको अजून शर्टाला नाक लावते. लावू दे. संशय राहिलेला बरा.

यंदा ती डहाळी दाराशी खोचत होती तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. ती ऐकत डहाळी नीट करत राहिली, मग म्हणाली, “मले सांगून काय होते? ज्याले सांगाचं त्याले सांगा ना.” आणि थोड्या वेळानं, आतून: “बडीशेप नका घेऊन जाऊ.”

मी गेलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारनंतर बैलांचे खांदे शेकतात. गजानन गोठ्यासमोर बसला होता, वाटीत लोणी-हळद, हातात पळसाचं पान. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यावर तो ते पान दाबून फिरवत होता आणि बैल डोळे मिटून उभा होता. गजानन आता रुंद झाला आहे. मला पाहून तो उठला नाही. या सर, म्हणाला, तेही बैलाकडे पाहूनच.

मी उभ्या उभ्या सांगितलं. ओळ माझी होती. तू काही सांगितलं नव्हतंस. स्वप्निलनं मला विचारलं तेव्हा मी जाऊ दे म्हटलं. यात एकही शब्द सजवला नाही, तरी माझ्याच कानाला ते सजवलेलं वाटत होतं. इतकी वर्षं लोकांच्या काळजाला हात घालायचं काम केलं की आपलं खरंही जाहिरातीसारखं ऐकू येतं.

तो पान फिरवत राहिला. मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या शर्टाच्या खिशाकडे.

“मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू आहे का सर?”

मी मोबाईल काढून दाखवला.

“नाई, नवीन काई मोहीम असन तर सांगून द्या,” तो म्हणाला. “बैलाचे फोटो घ्याचे असन तर घ्या. मले मधात नका घेऊ.”

मी म्हटलं, मोहीम नाही. मी ते काम सोडून बरेच दिवस झाले.

“मग काऊन आले?”

मी तिथं हात लोंबकळत ठेवून उभा होतो, आणि मला कळलं की स्वप्निल म्हणाला ते किती खरं आहे. हातात काही नसताना एखाद्यासमोर उभं राहणं फार कठीण असतं.

गजाननानं दुसऱ्या बैलाचा खांदा घेतला. शेवटी हात पुसले, दोन्ही बैलांच्या कपाळाला हात लावला आणि दरवर्षी म्हणतात ते म्हटलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मग वाटी उचलून आत जाता जाता, पाठ माझ्याकडे ठेवून म्हणाला, “बैलाइले उद्याचं. तुमाले परवाचं. मारबतले येजा. नाव जिथं घेतलं तिथं येऊन सांगजा. इथं गोठ्यात नाई.”

मारबतीच्या सकाळी मी गेलो. बडग्या यंदा नव्हता, नुसते मेढे होते. ताशाही नव्हता. शिवेवर ढीग झाला, पेटायच्या आधी गजाननानं पोरांना थांबवलं. म्हणाला, हे सर काही बोलून राह्यले, ऐकून घ्या. अर्ध्या पोरांना मी कोण हे माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, व्यसनमुक्तीवर भाषण आहे, त्यांनी कंटाळलेली तोंडं केली. मोठ्यांना माहीत होतं. स्वप्निलचा बाप त्यांच्या मागं उभा होता, मेढा हातात.

गजाननानं आपला मोबाईल काढला, एक नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. रिंग जात राहिली. मला वाटलं, उचलणार नाही, आणि मनात कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं. हेही सांगून टाकतो. मग रिंग थांबली. पलीकडून कुणी हॅलो म्हटलं नाही. फक्त मशीनचा लांबचा आवाज आला.

“ऐक,” गजानन म्हणाला, आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

मी सांगितलं. गोठ्यात सांगितलं तेच, त्याहून थोडं कमी. पाटी माझी. गजाननाला माहीत नव्हतं. तू मला विचारलंस आणि मी जाऊ दे म्हटलं. तुझं नाव घेणाऱ्यांत माझाही आवाज होता. माफ कर असं म्हणायचं ठरवून आलो होतो, पण ते शब्द तोंडाशी आले तेव्हा फार गुळगुळीत लागले. मी ते गिळले.

एका म्हातारबुवांनी एवढंच म्हटलं, की मारबतीत रोगाचं नाव घ्यावं, माणसाचं नाई, हे तवाच कोनी सांगाले पायजे होतं. त्यांनी ते माझ्याकडे पाहून नव्हे, सगळ्यांकडे पाहून म्हटलं. स्वप्निलच्या बापानं पुढं येऊन हातातला मेढा ढिगावर ठेवला. टाकला नाही, ठेवला.

मोबाईलमध्ये काडी ओढल्याचा आवाज आला. मग एक लांब श्वास. मला तो आवाज कुठंही ओळखता येतो. तो कुठंतरी कंपनीच्या भिंतीशी, कुणी काही विचारू नये म्हणून, हातात सिगारेट घेऊन उभा होता. माझी सगळी मोहीम त्या एका श्वासात ऐकू आली.

“गज्या,” पलीकडून आवाज आला.

“हाव.”

“बैल कसे आहेत बे?”

गजाननानं स्पीकर बंद केला, मोबाईल कानाला लावला आणि बोलत बोलत तो शेताच्या बांधाकडे, धुऱ्याकडे, निघून गेला. ढीग पेटला. पोरं ओरडली. माझ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, आणि ते बरोबर होतं.

सगळे मागं न पाहता परत निघाले. मी पाहिलं. पळसाची ओली पानं पटकन जळत नाहीत. आधी बराच वेळ नुसता धूर निघतो. त्या धुरापलीकडे धुऱ्यावर गजानन पाठमोरा उभा होता, कानाला मोबाईल, दुसरा हात हवेत, बैलाच्या शिंगांची उंची दाखवत, जणू पलीकडच्याला ती दिसतच होती.